हेमाडपंताने बाजरी आणली का? एका वाक्याच्या मागे धावताना शिकलेलं संशोधन



मागच्या लेखात आपण सिनॉप्सिसचा आराखडा बघितला. आज त्याच सिनॉप्सिसमधल्या एका वाक्याबद्दल सांगते. हे वाक्य माझंच होतं आणि ते चुकलं होतं. त्या चुकीतून जे शिकले ते तुम्हाला पेटची तयारी करताना, लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना आणि पुढे व्हायवाला बसताना उपयोगी पडेल असं वाटतं.

माझा विषय बाजरीचे देशी वाण. बारामती-इंदापूरच्या जिरायत पट्ट्यात कोणकोणते वाण अजून टिकून आहेत, ते कसे वेगळे आहेत, असं काम. माझं गाव लोणी भापकर. गावात मल्लिकार्जुनाचं जुनं दगडी देऊळ आहे, समोर पायऱ्यांची पुष्करणी आहे आणि अंगभर छोट्या छोट्या मूर्ती कोरलेला दगडी यज्ञवराह आहे. लहानपणापासून ऐकत आले, "हे देऊळ हेमाडपंताने बांधलं." आज्जी बाजरी पाखडताना म्हणायची, "ही बाजरी पण त्यानेच आणली." शाळेत कळलं की मोडी लिपीही त्याचीच. म्हणजे आमच्या गावातलं देऊळ, घरातली भाकरी आणि जुन्या कागदांवरची अक्षरं, तिन्ही एकाच माणसाची!

सिनॉप्सिसच्या प्रस्तावनेत मी झोकात लिहिलं: महाराष्ट्रात बाजरीचे पीक यादवांचा प्रधान हेमाद्री उर्फ हेमाडपंत याने तेराव्या शतकात आणले. खाली रेफरन्सही दिला. गाईडने त्या वाक्याभोवती लाल गोल केला आणि बाजूला एकच शब्द लिहिला, "कशावरून?"

मला वाटलं, रेफरन्स दिलाय की! पण तो रेफरन्स उघडून बघितला तर त्या पुस्तिकेने दुसऱ्या एका लेखाचा आधार घेतलेला. तो लेख शोधला तर त्यात "असे म्हणतात" एवढंच. मी चार पायऱ्या मागे गेले आणि चौथ्या पायरीवर काहीच नव्हतं. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हा अनुभव नवा नाही. एखादा आकडा शंभर पेपरांत सापडतो आणि मोजलेला मात्र कुणीच नसतो. शंभर पेपरांनी म्हटलं म्हणजे शंभर पुरावे झाले असं नाही. मुळाशी मोजणी असेल तर तो एक पुरावा, नसेल तर शून्य.

मग ठरवलं, आधी हा माणूस नीट समजून घ्यायचा.

नावापासूनच सुरुवात

पहिला अडथळा शोधण्यातच येतो. 'हेमाडपंत' असं टाकून शोधलं की निम्म्या वेळा 'श्री साईसच्चरित' लिहिणारे गोविंद रघुनाथ दाभोलकर समोर येतात. त्यांना साईबाबांनी 'हेमाडपंत' हे नाव दिलं होतं. ते विसाव्या शतकातले, आपला माणूस तेराव्या शतकातला. जुन्या साधनांत तो हेमाद्रि, हेमाडि पंडित अशा रूपांत भेटतो. तेव्हा तुमचा विषय माणूस असो, वनस्पती असो की गाव, नावाची सगळी रूपं आधी एका कागदावर लिहून काढा. नंतर बराच वेळ वाचतो.

पक्कं काय आहे?

हेमाद्री देवगिरीच्या यादवांकडे मोठ्या हुद्द्यावर होता. महादेव यादवाची राजवट साधारण १२६१ ते १२७१. या काळात तो श्रीकरणाधिप होता. करण म्हणजे दफ्तर, लेखनाचं खातं. म्हणजे राज्याच्या सगळ्या दफ्तरखान्याचा प्रमुख. स्वतःच्या ग्रंथात तो आपल्या घराण्याची माहिती देतो: वत्स गोत्र, वडील कामदेव, आजोबा वासुदेव, पणजोबा वामन.

त्याचा मुख्य ग्रंथ 'चतुर्वर्गचिंतामणी'. व्रतं, दानं, तीर्थं, मोक्ष, श्राद्ध, काल अशा विषयांवर जुन्या स्मृती-पुराणांतली वचनं गोळा करून, विषयवार लावून केलेला हा अवाढव्य संग्रह आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर भलामोठा रिव्ह्यू आर्टिकल. त्यातले काही खंड छापून उपलब्ध आहेत. याशिवाय वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'वर त्याच्या नावाची 'आयुर्वेदरसायन' ही टीका आहे. 'मुग्धबोध' हे व्याकरण लिहिणारा बोपदेव त्याच्या आश्रयाला होता आणि बोपदेवाच्या 'मुक्ताफळ' या ग्रंथावरही हेमाद्रीच्या नावाची टीका आहे.

आता कारकिर्दीतला नाट्यमय भाग. महादेवानंतर त्याचा मुलगा आमण गादीवर आला. पण चुलतभाऊ रामचंद्राने १२७१च्या सुमारास त्याला पकडून गादी घेतली. अशा उलथापालथीत जुन्या राजाचे अधिकारी सहसा टिकत नाहीत. हेमाद्री टिकला. ठाण्याला सापडलेल्या शके ११९४ म्हणजे इ.स. १२७२च्या ताम्रपटात, म्हणजे रामचंद्राच्या अगदी सुरुवातीच्या काळात, तो आपल्या जागेवर दिसतो. तिथे दफ्तराबरोबर हत्तीदळाची जबाबदारीही त्याच्या नावापुढे आहे आणि झाडीमंडळावरच्या विजयाचाही उल्लेख आहे. पंढरपूरला 'चौऱ्यांशीचा लेख' म्हणून प्रसिद्ध असलेला शके ११९५ ते ११९९ या काळातला शिलालेख आहे. त्यात देणग्यांच्या नोंदी आहेत आणि रामचंद्रदेवाबरोबर हेमाडि पंडिताचंही नाव येतं.

एवढं पक्कं. दोन राजे, एक सत्तापालट, दफ्तराची प्रमुखी, लष्करी जबाबदारी, मोठा धर्मग्रंथ आणि पंडितांना आश्रय. या यादीत बाजरी नाही, मोडी नाही, देवळांची शैलीही नाही.

साधनं काय म्हणतात आणि का म्हणतात

पक्कं म्हटलं तरी सगळी साधनं सारख्या वजनाची नसतात. मी त्यांची उतरंड लावली.

पहिलं साधन ताम्रपट आणि शिलालेख. हे त्याच काळातले, तारीख असलेले, कामासाठी केलेले. कुणाला जमीन दिली, कुणी देणगी दिली, याची नोंद ठेवणं हा हेतू. हुद्दे आणि तारखा यांच्यासाठी सगळ्यात भरवशाचे. पण लढाईतल्या पराक्रमाची वर्णनं मात्र तिथेही फुगवलेली असू शकतात.

दुसरं साधन हेमाद्रीचा स्वतःचा ग्रंथ. व्रतखंडाच्या सुरुवातीला यादव राजांची प्रशस्ती आहे. रा. गो. भांडारकरांनी १८८४ साली दख्खनचा प्राचीन इतिहास इंग्रजीत लिहिला, तेव्हा यादवांची वंशावळ लावायला हीच प्रशस्ती त्यांच्या फार कामी आली. पण लक्षात घ्या, ती लिहिणारा राजाचा पगारी माणूस आहे. उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर याच्याबद्दल ती सांगते की महादेवाच्या रागाला तोंड देण्यापेक्षा त्याने समुद्रात बुडणं पत्करलं. यातून लढाई झाली आणि शिलाहार हरले एवढं घ्यायचं. सोमेश्वराच्या मनात काय होतं ते हेमाद्रीला कुठून कळणार?

तिसरं साधन विरोधकांचं. महानुभाव पंथाच्या परंपरेत हेमाद्रीचं चित्र चांगलं नाही. चक्रधरस्वामींना ज्यांनी विरोध केला त्यांत तो गणला जातो. यात आश्चर्य नाही. एका बाजूला व्रतं आणि दानांचे हजारो विधी गोळा करणारा राज्याचा अधिकारी, दुसऱ्या बाजूला त्या कर्मकांडाला न मानणारा, बायका-शूद्रांना संन्यासाचा मार्ग खुला करणारा पंथ. ज्यांना त्रास झाला त्यांची आठवण ही साक्ष असते, ती फेकून द्यायची नाही. फक्त ती कोणत्या बाजूची आहे ते लिहून ठेवायचं.

चौथं साधन म्हणजे नंतरच्या आख्यायिका. हेमाडपंत लंकेला गेला, बिभीषणाकडून मोडी घेऊन आला, ही त्यातली सगळ्यात प्रसिद्ध. ही ऐकायला मजेची आहे. पण ती तेराव्या शतकाबद्दल काही सांगत नाही. पुढच्या लोकांना हेमाडपंत केवढा मोठा वाटत होता, हे ती सांगते. तोही अभ्यासाचा विषय आहे, पण वेगळा.

कंट्रोल म्हणून एक आर्चबिशप

माझी शाखा विज्ञानाची, त्यामुळे तुलनेला काही नसलं की चैन पडत नाही. प्रयोगात कंट्रोल असतो तसा इथे हवा होता: साधारण त्याच काळातला, तसंच काम करणारा, पण ज्याचं दफ्तर टिकलं असा माणूस. इंग्लंडमध्ये तो सापडला. ह्यूबर्ट वॉल्टर, कँटरबरीचा आर्चबिशप. आर्चबिशप म्हणजे ख्रिस्ती धर्मसंस्थेतला वरच्या दर्जाचा धर्माधिकारी, आणि कँटरबरीचा आर्चबिशप म्हणजे इंग्लंडच्या चर्चमध्ये सगळ्यात मोठा.

हा माणूस काका रॅनल्फ ग्लॅनव्हिल याच्या घरी वाढला. काका राजाचा मुख्य न्यायाधिकारी, त्यामुळे दफ्तराचं काम घरातच शिकायला मिळालं. ह्यूबर्ट ११८९ला सॉल्झबरीचा बिशप झाला, राजा पहिला रिचर्ड याच्याबरोबर तिसऱ्या धर्मयुद्धाला गेला. परतताना रिचर्ड पकडला गेला आणि त्याच्या सुटकेसाठी दीड लाख मार्क एवढी प्रचंड खंडणी ठरली. ती गोळा करण्याच्या कामात ह्यूबर्ट पुढे होता. ११९३ला तो आर्चबिशप झाला आणि त्याच वर्षी मुख्य न्यायाधिकारीही. राजा बहुतेक वेळ देशाबाहेर, त्यामुळे कारभार यानेच हाकला. रिचर्ड वारल्यावर ११९९ला भाऊ जॉन गादीवर आला आणि ह्यूबर्ट त्याचा चान्सलर, म्हणजे राजाच्या दफ्तराचा प्रमुख झाला. १२०५ला तो त्याच पदावर असताना वारला.

साम्य बघा. दोघांनी एकापेक्षा जास्त राजांकडे काम केलं, दोघांच्या हाती दफ्तर होतं, दोघांचा धर्म आणि राज्य या दोन्हीत पाय होता. फरकही आहे. हेमाद्री कुठल्या धर्मपीठाचा प्रमुख नव्हता, धर्माचे नियम संकलित करणारा अधिकारी होता. पण आपल्याला हवा तो फरक दुसराच आहे. तो आहे पुराव्याचा.

त्या काळी इंग्लंडमध्ये जमिनीचा वाद मिटला की समझोता चामड्यावर दोनदा लिहायचे, कापून दोन्ही पक्षांना एकेक द्यायचे. १५ जुलै ११९५ रोजी झालेल्या एका समझोत्यात तिसरी प्रत लिहिली गेली आणि ती राजाच्या खजिन्यात ठेवली. त्या वादातला एक पक्ष होता ह्यूबर्टचा सख्खा भाऊ थिओबाल्ड. त्या प्रतीच्या पाठीवरच नोंद आहे की या पद्धतीने केलेली ही पहिली प्रत. पुढे सहाशे वर्षांहून जास्त काळ ही तिसरी प्रत ठेवण्याची पद्धत चालली आणि त्या प्रती आजही लंडनमधल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

म्हणजे 'ही पद्धत ह्यूबर्टच्या कारभारात सुरू झाली' असं म्हणायला तारीख आहे, कागद आहे, कागदावर नोंद आहे. याउलट राजाच्या पत्रांच्या आणि सनदांच्या नकला गुंडाळ्यांवर ठेवण्याची पद्धत, जिच्या सलग गुंडाळ्या ११९९पासून मिळतात, तीही त्याच्या नावावर सांगितली जाते. पण तिथे इतिहासकार वाद घालतात: कल्पना त्याची, राजा जॉनची, की आधीपासून चालत आलेली? कागदांचा एवढा ढीग असूनही एका माणसाला श्रेय देताना ते हात आखडता घेतात.

आणि टीकाकार? जेराल्ड ऑफ वेल्स नावाच्या लेखकाने ह्यूबर्टच्या कच्च्या लॅटिनची टर उडवली आहे. पण याच जेराल्डला सेंट डेव्हिड्सचा बिशप व्हायचं होतं आणि ह्यूबर्टने ते होऊ दिलं नाही. साक्ष आणि राग एकत्र आले की काय करायचं, ते आपण वर बघितलंच.

आता हेमाद्रीकडे परत येऊ. यादवांचा सगळा दफ्तरखाना ज्याच्या हाती होता, त्या माणसाच्या दफ्तराचा एकही कागद आपल्याकडे नाही. देवगिरीवर १२९६ला अलाउद्दीन खलजीची स्वारी झाली, १३१८च्या सुमारास यादवांचं राज्य संपलं. उरलं ते दगडावरचं, तांब्यावरचं आणि पुन्हापुन्हा नकलून घेतलेल्या पोथ्यांमधलं. म्हणून हेमाद्रीच्या बाबतीत आपल्याला इंग्लंडच्या इतिहासकारांपेक्षा जास्त सावध राहायला हवं. प्रत्यक्षात आपण उलट करतो. कागद कमी, म्हणून गोष्टी जास्त.

तीन दावे, तीन चाचण्या

पहिला दावा देवळांचा. 'हेमाडपंती' म्हणजे साधारणपणे चुना न वापरता, घडीव दगड एकमेकांत बसवून उभं केलेलं जुनं देऊळ. चाचणी सोपी आहे: ही पद्धत हेमाद्रीच्या आधी सापडते का? अंबरनाथचं शिवमंदिर घ्या. तिथल्या शिलालेखात शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० हे साल आहे. हेमाद्री श्रीकरणाधिप होण्याच्या दोनशे वर्षं आधी. शिलाहारांच्या राज्यात, दुसऱ्या राजघराण्याखाली. म्हणजे शैलीचा जनक हेमाद्री नाही. त्याच्या काळात काही देवळं बांधली गेली असतील, त्याने मदतही केली असेल. पण 'हेमाडपंती' हे आज एका बांधणीचं नाव आहे, ती बांधणाऱ्याची सही नाही. आमच्या गावच्या देवळाला मी आता 'यादवकालीन शैलीचं' म्हणते. आज्जीला हे आवडलं नाही, ते सोडा.

दुसरा दावा मोडीचा. इथे दावा निदान तर्काला धरून आहे. दफ्तराचा प्रमुख, त्याला भराभर लिहिण्याची गरज, म्हणून हात न उचलता लिहायची लिपी. पत्राचा मायना कसा असावा वगैरे सांगणारी मेस्तकंही त्याच्या नावावर आहेत. पण 'असं असणं शक्य आहे' आणि 'असं होतं' यात फरक आहे. त्याच्या काळातले ताम्रपट आणि शिलालेख देवनागरीत आहेत, तो स्वतः कुठे लिपी केल्याचं सांगत नाही. मोडीचं नातं फारसीतल्या शिकस्त, म्हणजे 'मोडलेल्या' घसरत्या लेखनाशी जोडणारं मतही आहे. मोडीचा दावा मी 'सिद्ध नाही' या खान्यात ठेवला.

तिसरा दावा बाजरीचा, म्हणजे माझा. इथे मात्र वनस्पतीशास्त्राला बोलता येतं. बाजरीचे रानटी भाऊबंद आफ्रिकेत, सहारा वाळवंटाच्या दक्षिण काठाला आहेत. मालीमधल्या टिलेम्सी खोऱ्यात जुन्या खापरांच्या मातीत बाजरीचा कोंडा मिसळलेला सापडला. त्या ठशांवरून माणसाने लावलेली बाजरी तिथे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी होती हे कळतं. भारतात गुजरातच्या भागात इ.स.पूर्व दुसऱ्या सहस्रकातल्या वस्त्यांमध्ये बाजरीचे जळलेले दाणे मिळतात. हेमाद्री त्यानंतर तीनेक हजार वर्षांनी आला.

इथे एक सूक्ष्म गोष्ट आहे. 'भारतात बाजरी आधीपासून होती' यावरून 'हेमाद्रीने महाराष्ट्रात तिचा प्रसार केला नाही' असं सिद्ध होत नाही. पुरावा जेवढं सांगतो तेवढंच म्हणायचं. 'त्याने बाहेरून आणली' हा दावा पडतो. 'त्याने इथे वाढवली' या दाव्याला त्याच्या काळातला कुठलाही लेख दुजोरा देत नाही. ही दोन वेगळी वाक्यं आहेत आणि व्हायवात नेमकं इथेच पकडतात.

मग एवढं सगळं त्याच्याच नावावर का?

मोठं नाव लोहचुंबकासारखं असतं. ज्याचा कर्ता माहीत नाही अशी प्रत्येक गोष्ट त्याला जाऊन चिकटते. हेमाद्री खरोखर मोठा होता, म्हणून तर चिकटली. त्याच्या ग्रंथांबद्दलही हाच प्रश्न विचारता येतो. राज्याचा दफ्तरखाना आणि हत्तीदळ सांभाळणारा माणूस एवढा प्रचंड ग्रंथ एकट्याने लिहील का? हाताखाली पंडित असणार, वचनं शोधणारे, नकला करणारे असणार. बोपदेवाचं नाव तरी राहिलं, बाकीच्यांची गेली. लॅबमध्ये काम करणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पेपरवर पहिलं नाव कुणाचं आणि रात्री सॅम्पल कुणी लावले, हे आपल्याला माहीत असतं.

माझ्या वाक्यातली खरी चूक मला इथे कळली. तारीख चुकली, रेफरन्स कच्चा होता, हे झालंच. पण मी ज्या वाणांचा अभ्यास करते ते कुणी जपले? खळ्यावर मळणीच्या आधी भरघोस, दाणे गच्च भरलेली कणसं वेगळी काढायची, ती घरात टांगायची, दाण्यात राख किंवा लिंबाचा पाला घालून मडक्यात ठेवायचे आणि पुढच्या मृगात तेच पेरायचे. हे दरवर्षी, कुठल्याही ताम्रपटात नोंद न होता, आमच्या भागातल्या बायकांनी केलं. माझ्या आज्जीने केलं. मी ते डोळ्यांनी बघितलं होतं, माझ्या फील्ड नोटबुकातही होतं. आणि प्रस्तावनेत मात्र सगळं श्रेय एका वाक्यात देवगिरीच्या प्रधानाला देऊन टाकलं होतं. हा निवडीचा इतिहासच माझ्या प्रबंधाचा विषय आहे, आणि माझं पहिलं वाक्य तोच पुसत होतं.

नवीन वाक्य असं झालं: बाजरी मूळची आफ्रिकेतली असून भारतात ती इ.स.पूर्व दुसऱ्या सहस्रकापासून आढळते. महाराष्ट्रात ती हेमाद्रीने आणली अशी लोकपरंपरा आहे, मात्र तिला समकालीन आधार नाही. अभ्यासक्षेत्रातील वाण शेतकरी कुटुंबांनी, विशेषतः स्त्रियांनी, पिढ्यान्‌पिढ्या निवडीतून टिकवले आहेत. वाक्य लांबलं, पण यावेळी लाल गोल आला नाही.

तुमच्यासाठी

तुमच्या सिनॉप्सिसची प्रस्तावना आज उघडा. 'सर्वप्रथम', 'जनक', 'यांनी आणले', 'यांनी शोध लावला' असे शब्द जिथे असतील तिथे खूण करा. मग प्रत्येक वाक्याला हे पाच प्रश्न विचारा:

१. हे सांगणारं सगळ्यात जुनं साधन कोणतं? ते घटनेपासून किती वर्षं लांब आहे?

२. ते कुणी आणि कशासाठी लिहिलं? राजाचा माणूस, विरोधक, की नोंद ठेवणारा कारकून?

३. दुसरं स्वतंत्र साधन आहे का, की सगळे एकमेकांचीच नक्कल करतायत?

४. ही गोष्ट त्या माणसाच्या आधी कुठे सापडते का? एक उदाहरण मिळालं तरी दावा पडतो. अंबरनाथ आठवा.

५. या श्रेयामुळे कुणाचं नाव झाकलं जातंय?

पहिले चार प्रश्न कुठल्याही रिसर्च मेथडॉलॉजीच्या पुस्तकात थोड्याफार फरकाने सापडतील. पाचवा मला खळ्यावर मिळाला.

आणि गावातल्या गोष्टींना हसू नका. सिनॉप्सिस मंजूर झाल्यावर मी आज्जीला सगळं सांगितलं, बाजरी आफ्रिकेतली, हेमाडपंताचा संबंध नाही वगैरे. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तिकडनं इकडं आणली कुणी?" मी म्हटलं, "नाव माहीत नाही गं." ती म्हणाली, "नाव कशाला लागतंय? कुण्या बाईनं पदराच्या गाठीत बांधून आणली असंल."

रेफरन्स म्हणून हे चालणार नाही. नोटबुकात मात्र तारीख घालून लिहून ठेवलंय.

पुढच्या लेखात फील्ड नोटबुक कसं ठेवायचं ते बघू.